हत्ती गेला, शेपूट राहिलं: बेटावरच्या रम डिस्टिलरीमागची गोष्ट

बेटावर सुट्टीला गेलं की तिसऱ्या दिवशी समुद्राचा थोडा कंटाळा येतोच, कुणी कबूल करत नाही ती गोष्ट वेगळी, आणि मग हॉटेलमधलं माहितीपत्रक चाळता चाळता रम डिस्टिलरीची टूर सापडते. तांब्याचं चकचकीत भांडं, लाकडी पिंपं, शेवटी चाखायला चार छोटे ग्लास, आणि दुकानातल्या बाटलीवर एका डोळ्याला पट्टी बांधलेला समुद्री चाचा. त्या चाच्याचं काही मनावर घेऊ नका. चाचे लुटीत जे मिळेल ते प्यायचे, त्यांचा रमशी संबंध तेवढाच. रमची खरी गोष्ट साखरेची आहे, त्यातही साखर बनवून झाल्यावर खाली जे उरतं त्याची.

सुरुवात कॅरिबियनमधल्या बार्बाडोस बेटापासून करू, कारण 'रम' हे नाव सगळ्यात आधी तिथल्याच कागदांत दिसतं. (उसाची दारू ब्राझीलमध्ये त्याआधीही काढत होते, त्यामुळे गाईडने "रमचा जन्म इथलाच" असं छातीठोक सांगितलं तर नुसतं हसून मान डोलवायची.) इंग्रज या बेटावर १६२७ मध्ये राहायला आले. बेट केवढं, तर जेमतेम ४३० चौरस किलोमीटर. आधी तंबाखू लावून बघितला, कापूस लावला, पण तंबाखू काही धड निघेना आणि भावही पडले. मग १६४० च्या दशकात ऊस आला. उसाचं तंत्र ब्राझीलमधून आलं, तिथल्या पर्नाम्बुको भागात तेव्हा डच लोक बसले होते, आणि जेम्स ड्रॅक्ससारख्या बार्बाडोसच्या मळेवाल्यांनी त्यांच्याकडून ते उचललं. दहा-पंधरा वर्षांत बेटाचा चेहरा बदलला, जंगल गेलं, छोटे शेतकरी गेले, आणि जिकडे बघावं तिकडे ऊस.

तेव्हा साखर अशी बनायची. रस उकळून घट्ट झाला की तो मातीच्या शंकूसारख्या भांड्यात ओतायचा, टोक खाली, टोकाला भोक. मग आठवडेच्या आठवडे त्या भोकातून काळी मळी थेंब थेंब गळत राहायची आणि वर भांड्यात साखर धरायची. साखर जहाजात भरून इंग्लंडला जायची. मळीचं काय करायचं? थोडी जनावरांना, थोडी गुलामांच्या खाण्यात, बाकीची टाकून द्यायची. पण त्या हवेत मळीत पाणी घालून पिंप उघडं ठेवलं तर दुसऱ्या दिवशी आपोआप फसफसायला लागतं, वर मळकट फेस, जवळ गेलं की नाकात जास्त पिकलेल्या केळ्याचा वास. म्हणजे अर्धं काम झालंच की, पुढे फक्त ऊर्ध्वपातन, म्हणजे उकळून निघालेली वाफ थंड करून गोळा करायची. रस उकळताना वर येणारी मळीसुद्धा (हिलाही आपण मळीच म्हणतो, काय करणार) काढून त्याच पिंपात टाकायचे. १६५० च्या आसपास या दारूची दोन नावं सापडतात, 'रम्बुलियन' आणि 'किल डेव्हिल', आणि तेव्हाच्याच एका वर्णनात तिला जहाल, नरकातली, भयंकर दारू म्हटलंय. आज तिचे घोट घेत लोक व्हॅनिला आणि भाजलेल्या बदामाच्या गोष्टी करतात.

टूरमध्ये जुना चरक दाखवतात, तीन लोखंडी रूळ, लोक बाजूला उभं राहून फोटो काढतात. त्या चरकाबद्दल एक गोष्ट माहीत असलेली बरी. ऊस तोडला की साधारण दिवसाभरात गाळावा लागतो, नाहीतर रस आंबतो, त्यामुळे हंगामात चरक रात्रंदिवस चालायचा. त्यात ऊस सारायचं काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचं, बऱ्याचदा बायकांचं. पेंगुळलेल्या माणसाचं बोट रुळात गेलं की मागोमाग हात जायचा, आणि पवनचक्कीवर फिरणारा चरक चटकन थांबत नाही, म्हणून शेजारी कुऱ्हाड किंवा कोयता टांगलेला असायचा. हात तोडून माणूस वाचवायला. पवनचक्क्या बार्बाडोसमध्ये एके काळी पाचशेच्या वर होत्या, आता मॉर्गन लुईस नावाच्या ठिकाणची एकच धड उभी आहे आणि ती फार देखणी आहे. ती बघताना मला हटकून ती कुऱ्हाड आठवते.

मळी बेटावरून बाहेरही जायची, आणि पुढचं राजकारण तिच्यावरूनच झालं. फ्रान्सने १७१३ मध्ये आपल्या ब्रँडीवाल्यांना सांभाळायला वसाहतींतल्या रमवर बंदी घातली, त्यामुळे फ्रेंच बेटांवर मळीचे ढीग साचले आणि ती कवडीमोल झाली. उत्तर अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींनी ती स्वस्तात उचलून तिकडेच रमच्या भट्ट्या टाकल्या. (तिकडची सुरुवातीची रम पिऊन लोकांना पोटात मुरडा आणि हातापायाला लकवा व्हायचा, कारण वाफ थंड करायची नळी शिशाची असायची, शेवटी मॅसॅच्युसेट्सने १७२३ मध्ये शिशाच्या नळ्यांवर बंदी घातली. तांब्याचं भांडं नुसतं दिसायला छान म्हणून नसतं.) मग आपल्या बेटांवरच्या मळेवाल्यांची ओरड ऐकून ब्रिटिश संसदेने १७३३ मध्ये परक्या मळीवर गॅलनला सहा पेन्स कर लावला, वसाहतींनी तो सरळ चुकवला, १७६४ मध्ये कर निम्मा केला पण वसुली कडक केली, आणि तिथून जी धुसफूस सुरू झाली ती अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत गेली. चहा समुद्रात फेकल्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, मळीचं नाव कुणी काढत नाही.

आता टूरमधला सगळ्यांचा आवडता भाग, आरमार. इंग्रजांनी १६५५ मध्ये जमैका घेतलं आणि त्या भागातल्या जहाजांवर बिअरऐवजी रम द्यायला सुरुवात झाली, कारण बिअर उष्ण हवेत नासते, रम नासत नाही. १७३१ च्या नियमांत ती रीतसर आली, माणशी दिवसाला अर्धा पाइंट, म्हणजे साधारण पाव लिटर. कच्ची. एवढी पिऊन शिडाच्या दोरांवर चढायचं म्हटल्यावर काय होत असेल ते सांगायला नको. म्हणून ॲडमिरल व्हर्ननने १७४० मध्ये हुकूम काढला की अर्ध्या पाइंटात चौपट पाणी घाला आणि दोन वेळा वाटून द्या. तो ग्रोग्रॅम नावाच्या जाड कापडाचा कोट घालायचा म्हणून खलाशी त्याला 'ओल्ड ग्रॉग' म्हणायचे, आणि त्या पाणचट रमलाही तेच नाव पडलं. हा रतीब बंद कधी झाला माहितीये? ३१ जुलै १९७० ला. म्हणजे चंद्रावर माणूस उतरून वर्ष झालं तरी ब्रिटिश खलाशाला दुपारी सरकारी रम मिळत होती.

दारू किती कडक ते सांगणारं बाटलीवरचं 'प्रूफ' पण त्याच काळातलं. बंदुकीच्या दारूवर रम ओतायची आणि काडी लावायची, पेटली तर माल चोख, फुसफुसून विझली तर कुणीतरी पाणी मारलंय. साधारण ५७ टक्क्यांना ती पेटते, आणि तोच जुना ब्रिटिश '१०० प्रूफ'. पुढे १८१६ च्या कायद्याने दारूची तीव्रता मोजायचं साइक्सचं हायड्रोमीटर आलं आणि जाळपोळ संपली. गंमत अशी की आज दुकानात 'नेव्ही स्ट्रेंग्थ' म्हणून ५७ टक्क्यांची बाटली मिळते, पण आरमार खलाशांना वाटायचं ती ५४.५ टक्क्यांची होती. लेबलवाल्यांना '१०० प्रूफ'चा गोल आकडा आवडतो.

एकोणिसाव्या शतकात दोन गोष्टी झाल्या. १८३० मध्ये एनियास कॉफीने सलग चालणाऱ्या उंच स्तंभाच्या भट्टीचं पेटंट घेतलं, मग कमी खर्चात ढिगाने हलकी रम निघायला लागली आणि छोट्या छोट्या डिस्टिलऱ्या एकेक करून बुडाल्या. जमैकात त्या शतकाच्या शेवटी दीडशेच्या आसपास होत्या, आज बोटांवर मोजण्याइतक्या. दुसरी गोष्ट बीट. युरोपात बीटची साखर निघायला लागली, बेटांच्या साखरेचा भाव कोसळला, तेव्हा मार्टिनिक या फ्रेंच बेटावरच्या मळेवाल्यांनी विचार केला की साखर कशाला करायची, थेट रसाचीच रम काढू. तीच 'रम ॲग्रिकोल', चवीला गवतासारखी ताजी, पहिल्या घोटाला मला अजिबात आवडली नव्हती. ८ मे १९०२ ला माउंट पेलेचा ज्वालामुखी फुटला आणि रमच्या व्यापाराचं गाव सेंट-पिएर अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसांसकट काही मिनिटांत संपलं, तरी हा प्रकार टिकला, आणि १९९६ मध्ये त्याला फ्रेंच वाइनसारखा एओसी दर्जा, म्हणजे त्या भागाच्या नावाला कायद्याचं संरक्षण, मिळाला.

मॉरिशसला जाणाऱ्यांसाठी एक वेगळा धागा. ब्रिटिश राज्यात गुलामगिरी १८३४ मध्ये कायद्याने संपली, पण उसाला हात तर हवेत, मग त्याच वर्षी नोव्हेंबरात 'ॲटलास' जहाजातून करारावरचे हिंदुस्थानी मजूर मॉरिशसला उतरले. पुढे साडेचार लाखांच्या आसपास आले, त्यात कोकणातली मराठी माणसंही होती. पोर्ट लुईला ते जिथे उतरायचे तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा आहे. शामारेलची रंगीत माती बघायला सगळे जातात, तिथेच २००८ मध्ये उघडलेली डिस्टिलरी आहे, तीसुद्धा रसाची रम काढते. दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी केली तर आधी घाट करा.

डिस्टिलऱ्यांच्या जाहिरातींत हल्ली 'क्राफ्ट' शब्द असतो, आता त्याच्याकडे येऊ. छोटी भट्टी, स्वतःचा ऊस, स्वतःची बाटली, हे आज नवीन म्हणून विकतात, पण तीनशे वर्षांपूर्वी प्रत्येक मळ्यावर हेच होतं, बाटली सोडून. बार्बाडोसमध्ये तर १९०६ च्या कायद्याने डिस्टिलरीवाल्यांना किरकोळ विक्रीच बंद केली, ते पिंपाने माल द्यायचे आणि ब्रिजटाऊनचे व्यापारी आपापल्या नावाने बाटल्या भरायचे, म्हणून भट्टीचं नाव लेबलवर दिसणं हीच तिथे नवलाई. आणि ज्या साखरेपायी हे सगळं उभं राहिलं ती साखर तर बेटांवरून चाललीच आहे. सेंट किट्सने २००५ मध्ये साखर उद्योग बंद केला, हवाईतला शेवटचा कारखाना २०१६ च्या डिसेंबरात थांबला. त्यामुळे बऱ्याच बेटांवर आज रम आहे पण मळी बाहेरून जहाजाने येते! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ना, इथे ते शेपूटच तिकीट लावून दाखवतात. टूरवर गाईडला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हाच विचारा, की मळी कुठली?

काही ठिकाणी मात्र ऊस अजून खरंच समोर गाळतात. बार्बाडोसच्या सेंट निकोलस ॲबीत (नाव ॲबी, पण मठ वगैरे नाही, १६५८ च्या सुमाराचा मळेवाल्याचा वाडा) एकोणिसाव्या शतकातलं वाफेचं यंत्र हंगामात आजही चालवतात आणि रस आटवून काकवीसारखा पाक करून त्याची रम काढतात. यंत्राचा धडधडाट पायाखाली जाणवतो, आणि चिपाडाचा ओलसर गोड वास कपड्यांना चिकटतो.

शेवटी पिंपांची खोली. पिंपं बहुतेक अमेरिकेतून आलेली वापरलेली असतात, कारण बर्बन या अमेरिकन व्हिस्कीला दरवेळी नवं कोरं पिंप लागतं असा तिथला नियम, मग जुनी स्वस्तात मिळतात. उष्ण बेटावर दरवर्षी सहा-आठ टक्के दारू लाकडातून उडून जाते, स्कॉटलंडमध्ये दोन टक्के. गाईड म्हणतो हा देवदूतांचा वाटा. बाहेर आलात की त्या गोदामाच्या भिंतीकडे आणि आसपासच्या झाडांच्या बुंध्यांकडे बघा, काजळी धरल्यासारखे काळे दिसतील. रंग उडालेला नसतो, धूरही नसतो, हवेतल्या दारूच्या वाफेवर पोसलेली ती एक बुरशी असते. देवदूतांचा वाटा ती पिते.