प्रवरानगरच्या आधीचे लोणी: विठ्ठलराव विखे पाटील यांच्या कार्याची पार्श्वभूमी

प्रवरानगरच्या साखर कारखान्याचा उल्लेख ‘आशिया खंडातील पहिला सहकारी साखर कारखाना’ असा सर्रास केला जातो. काटेकोरपणे पाहिले तर हे बिरुद टिकत नाही, कारण 1930 च्या दशकातच तत्कालीन मद्रास प्रांतातील एटिकोप्पाका येथे आणि आणखी काही ठिकाणी सहकारी तत्त्वावर साखर कारखाने उभे राहिले होते. त्यांपैकी बहुतेक फार काळ तग धरू शकले नाहीत. लोणीजवळ प्रवरानगरला उभा राहिलेला हा कारखाना मात्र टिकला आणि त्याच्या घडणीवर पुढे महाराष्ट्रातील डझनावारी कारखाने उभे राहिले. त्यामुळे तो पहिला होता की नव्हता यापेक्षा, तो का टिकला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर कारखान्याच्या किमान पंचवीस वर्षे मागे जावे लागते.

आजच्या राहाता तालुक्यातील लोणी बुद्रुक हे या कारखान्यासाठी झटलेल्या विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील यांचे गाव. त्यांचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. ज्या मुलखात ते वाढले तो अवर्षणाचा आणि कर्जाचा मुलूख होता. 1875 मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळण्यापर्यंत शेतकरी गेले, त्याला दोन पिढ्याही उलटल्या नव्हत्या. त्या उठावानंतर 1879 चा शेतकरी संरक्षणाचा कायदा आला, 1904 मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, परंतु कागदावरच्या तरतुदींना गावात माणूस मिळाल्याशिवाय त्यांचा उपयोग नसतो. लोणीला तो विठ्ठलरावांच्या रूपाने मिळाला. 1923 मध्ये त्यांनी गावात सहकारी पतपेढी सुरू केली. कर्ज कोणाला द्यावे, कोणाचे पीक खरोखर बुडाले आणि कोण निव्वळ टाळाटाळ करतो आहे, कोणाला न दुखावता वसुली कशी करावी, हिशेब सर्वांसमोर कसा मांडावा, हे सारे गावाने या पतपेढीत शिकून घेतले. माझ्या मते विखे पाटलांच्या कामाचा खरा पाया येथे आहे. कारखान्याच्या गौरवगाथांत मात्र पतपेढीला एखादे वाक्यच मिळते.

याच काळात प्रवरा नदीचे पाणी आले. भंडारदऱ्याचे धरण 1926 मध्ये पूर्ण झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोरडवाहू शिवारे बागायती केली. पाटपाण्यामुळे समृद्धी येईल, ही अपेक्षा मात्र सरळपणे पुरी झाली नाही. ऊस हे वर्षभराचे आणि भांडवल खाणारे पीक असल्यामुळे खत, बेणे आणि पाणीपट्टी यांसाठी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यावी लागे. गुऱ्हाळातून निघालेला गूळ पेठेत गेला की भाव अडत्याच्या हाती असे, आणि 1930 च्या सुमारास जागतिक मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा बागायतदार कोरडवाहू शेतकऱ्यापेक्षाही अधिक कर्जबाजारी झाला.

1932 मध्ये परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसल्यानंतर देशभर साखर कारखान्यांची लाट आली. नगर जिल्ह्यात हरेगावची बेलापूर कंपनी त्याआधीच होती, पुढे टिळकनगरसारखे आणखी खाजगी कारखाने निघाले. त्यांचा ऊस प्रामुख्याने त्यांच्या स्वतःच्या मळ्यांत पिकत असे आणि त्या मळ्यांसाठी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या गेल्या. कालवा ज्याच्या शेतावरून वाहतो त्याने जमीन कंपनीला द्यावी आणि कित्येकदा त्याच मळ्यात मजुरीला जावे, असा उफराटा व्यवहार यातून रूढ झाला. जमिनी अशा खंडाने दिलेल्या शेतकऱ्यांचा, म्हणजे खंडकऱ्यांचा, त्या परत मिळवण्याचा लढा पुढे अनेक दशके चालला.

1945 मध्ये बेलापूर येथे दख्खनच्या कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. उत्पादकांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, हा विचार तेथून पुढे गेला. त्याला मुंबई प्रांताचे तत्कालीन अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे पाठबळ मिळाले. विखे पाटलांच्या वाट्याला सर्वांत अवघड काम आले, ते म्हणजे गावोगाव हिंडून शेअर गोळा करण्याचे. ज्या शेतकऱ्याच्या हाती हंगाम संपल्यावर रोकड उरत नाही, त्याने अद्याप न उभ्या राहिलेल्या कारखान्यासाठी पैसे द्यावेत, हे पटवण्यास अर्थशास्त्र पुरत नाही. तेथे पतपेढीत कमावलेली पत कामी आली. उरलेले भांडवल सरकारचा हिस्सा आणि 1948 मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज यांतून उभे राहिले. दररोज 500 टन गाळप क्षमतेच्या या कारखान्याचा पहिला हंगाम 1950-51 चा.

आरंभीची वर्षे गाडगीळ अध्यक्ष होते आणि विखे पाटील उपाध्यक्ष. गावच्या पुढाऱ्याने अध्यक्षपद पुण्याच्या प्राध्यापकाकडे सोपवावे, ही गोष्ट आजच्या सहकारात विरळाच म्हणावी लागेल. शेअर कितीही असले तरी सभासदाला मत एकच, हे सहकाराचे मूळ तत्त्व येथे पाळले गेले. सभासदांच्या ऊसबिलातून ठेवी कापून भांडवल वाढवण्याची रीतही सहकारी कारखानदारीत रुजली. 1961 मध्ये विखे पाटलांना पद्मश्री मिळाली, 1964 मध्ये प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था आणि प्रवरा पब्लिक स्कूल सुरू झाले, तर लोणीचे रुग्णालय 1970 च्या दशकात उभे राहिले. 1980 मध्ये त्यांचे निधन झाले. नारळी पौर्णिमेला येणारी त्यांची जयंती राज्यात शेतकरी दिन म्हणून पाळली जाते.

मधल्या काळात हे प्रारूप पश्चिम महाराष्ट्रभर पसरले. वारणेला तात्यासाहेब कोरे, सांगलीला वसंतदादा पाटील, अकलूजला शंकरराव मोहिते-पाटील, संगमनेरला भाऊसाहेब थोरात अशी माणसे आपापल्या मुलखात कारखान्याभोवती शाळा, बँका, दूधसंघ उभारत गेली. या विस्ताराबरोबर त्याच्या मर्यादाही पसरल्या. सभासद व्हायचे तर ऊस हवा आणि ऊस हवा तर पाणी हवे; म्हणून कालव्यापासून दूर असलेला कोरडवाहू शेतकरी या मालकीबाहेरच राहिला. बीड आणि पाथर्डीकडून दरवर्षी मजुरांची टोळी जमवणाऱ्या मुकादमाची उचल घेऊन येणाऱ्या ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्यांना तर सभासदत्वाचा मार्गच नव्हता. सावकाराच्या उचलीतून सुटण्यासाठी जी चळवळ लोणीत सुरू झाली, तिच्या फडातला कोयता आजही उचलीवरच चालतो.