कंपनीने जिथे हात आखडता घेतला: गाडीतल्या स्वस्त सुधारणांची पार्श्वभूमी

२०११ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या खालच्या व्हेरिएंटना १६५/८० आर १४ मापाचे टायर मिळायचे आणि सगळ्यात वरच्या झेडएक्सआयला १८५/६५ आर १५. दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास ६२० मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा घातला तरी स्पीडोमीटरचं गणित बिघडत नाही. फरक पडतो तो दुसरीकडे. टायर २० मिलिमीटर रुंद होतो आणि त्याची बाजूची भिंत १३२ मिलिमीटरवरून १२० वर येते. भिंत आखूड झाली की वळणावर ती कमी दबते, आणि स्टेअरिंग फिरवल्यावर गाडी रेंगाळत नाही, लगेच वळते. मधला व्हेरिएंट व्हीएक्सआय घेऊन तिला झेडएक्सआयच्या मापाची चाकं बसवून घेणारे मालक कितीतरी होते.

इंजिनाला हात न लावता गाडीचा स्वभाव बदलणारी ही सुधारणा कंपनीच्याच यादीतून आली होती. खालच्या व्हेरिएंटची किंमत आवाक्यात राहावी म्हणून कंपनीने टायरवर पैसे वाचवले आणि मालकाने नेमकी तेवढीच उणीव भरून काढली. स्वस्त मॉडिफिकेशनचा इतिहास मागे मागे पाहत गेलं तर दर पिढीत हेच दिसतं. गाडी बनवणारा कधी किमतीसाठी, कधी इंधनासाठी, कधी आवाजासाठी कुठेतरी हात आखडता घेतो, आणि थोड्या पैशांत मोठा फरक पडतो तो तिथेच. जिथे कंपनीने काही राखूनच ठेवलेलं नाही, तिथे कितीही पैसे ओतले तरी हाती फारसं लागत नाही.

या छंदाला पहिलं मोठं रूप अमेरिकेत आलं. फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत आठ सिलिंडरचं इंजिन दिलं, ताकद ६५ हॉर्सपॉवर. या गाड्या जुन्या होऊन स्वस्तात मिळू लागल्या, तेव्हा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी मडगार्ड काढून वजन उतरवलं, हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे कार्बोरेटर एकाच्या जागी दोन चढवले आणि वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांच्या सपाट तळावर त्या पळवल्या. १९३७ मध्ये सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन स्थापन झाली. माझ्या मते त्या काळातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच: केलेल्या बदलाने गाडी खरंच वेगवान झाली की नुसती तशी वाटते, हे घड्याळ सांगू लागलं.

ब्रिटनमध्ये हीच वाट मिनी या छोट्या गाडीने धरली. १९५९ च्या मिनीचं इंजिन ८४८ सीसीचं, ताकद ३४ हॉर्सपॉवर. रेसिंगमधल्या जॉन कूपर यांच्या आग्रहातून १९६१ मध्ये मिनी कूपर आली: ९९७ सीसी, दोन कार्बोरेटर, ५५ हॉर्सपॉवर, आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. ताकद वाढवताना ब्रेकही वाढवायचे, हा शहाणपणा त्या गाडीत होता. नंतर नुसताच सायलेन्सर बदलून घाटात उतरणाऱ्या कितीतरी मालकांकडे तो नव्हता.

आपल्याकडच्या कहाणीला अधिक जवळचा माणूस मात्र कार्लो अबार्थ. ऑस्ट्रियात जन्मलेल्या अबार्थ यांनी १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली आणि रेसिंगचा खर्च भागवण्यासाठी साध्या फियाट गाड्यांचे सायलेन्सर बनवून विकायला सुरुवात केली. पुढे छोट्या फियाट ५०० साठी सुट्या भागांचा संच लाकडी पेटीत भरून विकला जाई; गावातला मेकॅनिक तो बसवून देऊ शकत असे. सामान्य माणसाची गाडी, परवडणारा संच आणि जवळचं गॅरेज हा आजच्या आफ्टरमार्केट धंद्याचा साचा तिथे पुरता तयार झालेला दिसतो.

त्याच फियाट घराण्यातली ११०० मुंबईत कुर्ल्याला बनू लागली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली होती. १०८९ सीसीची ही फियाट पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि शतक संपत येईपर्यंत विकली गेली. गाडी तीच राहिली याचं कारण परवाना राज. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी, बाहेरून भाग आणणं जवळपास अशक्य, आणि नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आहे ती गाडी वीस-वीस वर्षं चालवायची, मग ती सुधारून घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. भारतातलं मॉडिफिकेशन हौसेच्या आधी गरजेतून आलं, आणि म्हणूनच त्यात उधळपट्टीला जागा नव्हती.

पद्मिनीत सुधारायला पुष्कळ होतं. गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. तिथून गिअरबॉक्सपर्यंत सळ्या आणि सांधे. ते झिजले की गिअर नेमका कुठे पडतोय याचा अंदाज हाताला येईनासा होई. त्यामुळे गिअर खाली घेणं, म्हणजे फ्लोअर शिफ्ट करून घेणं, ही त्या काळची सगळ्यात लोकप्रिय सुधारणा. तिने इंजिनाची ताकद कणभरही वाढत नसे, तरी गाडी वेगळीच वाटायची, कारण ड्रायव्हरचा हात आणि यंत्र यांच्यातले ढिले दुवे कमी झालेले असत. दुसरी सुधारणा इग्निशनची, म्हणजे इंजिनात इंधन पेटवणाऱ्या ठिणगीची. कॉन्टॅक्ट पॉइंटमधली फट वापराने बदलत जाई आणि ठिणगीची वेळ सरकत राही. तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं की सकाळी गाडी एका हाकेत सुरू व्हायची आणि सगळ्या वेगांत सारखी ओढायची. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे. काहीजण त्याला पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर जोडून घेत. मुंबईच्या कुर्ला भागातला जुन्या स्पेअरचा बाजार, पुण्यातली नाना पेठ, अशा ठिकाणी हिंडून ही कामं पार पडत.

इंजिनाच्या आत हात घालायचा तर कुशल लेथवाला हवा. हेड प्लेन करून, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण घासून, काँप्रेशन वाढवायचं, सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन घालायचे, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत नजर ठेवावी लागते. हे कसब महाराष्ट्रात ज्या गावांनी जपलं त्यांत कोल्हापूरचं नाव आदराने घ्यावं लागेल. शेतीच्या पाण्यासाठी लागणाऱ्या ऑइल इंजिनांमुळे तिथे फौंड्री आणि मशीन शॉप उभी राहिली. कास्टिंग ओतण्यापासून ते घासून मापात आणण्यापर्यंतचं सगळं काम एका गावात होऊ लागलं, आणि अशा गावात मोटारीचं इंजिन उघडायला कोणी बिचकत नाही.

केलेल्या सुधारणेची परीक्षा व्हायची ती मद्रासजवळच्या शोलावरमला. दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवी आणि तिथे फियाट, हेराल्ड, अँबेसेडर अशा रोजच्या गाड्या घासूनपुसून धावत. देशभरातल्या ट्यूनरांची ती शाळाच होती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि सगळी मोजमापं बदलली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्याही आत. पण गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. इतक्या हलक्या गाडीत दोन-तीन हॉर्सपॉवरही जाणवतात. पिकअप वाढवण्यासाठी कार्बोरेटरचे जेट बदलणं, डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग पुढे घेणं, मोकळा सायलेन्सर बसवणं, ही कामं कुठल्याही गॅरेजात अर्ध्या दिवसात होत. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी हेच छोटं इंजिन एकआसनी फॉर्म्युला मारुतीत बसवलं आणि रेसिंग मध्यमवर्गाच्या जवळ आणलं. १९९५ मध्ये विमान अपघातात त्यांचं निधन झालं. भारतात कमी खर्चात वेग कसा मिळवावा हे इतक्या गंभीरपणे शिकवणारा दुसरा माणूस मला दिसत नाही.

मारुतीचा दुसरा उपकार म्हणजे तिच्या इंजिनांची भावकी. झेनचं ९९३ सीसीचं आणि एस्टीमचं १.३ लिटरचं इंजिन एकाच घराण्यातलं. अपघातात मोडलेल्या एस्टीमचं इंजिन झेनमध्ये किंवा जिप्सीत बसवायचं तर त्या मानाने कमी खटपट करावी लागे, आणि हलक्या गाडीत दीडपट ताकद यायची. कागदोपत्री ते सोपं नव्हतं. गाडीला ब्रेक मात्र अनेकदा जुनेच राहत, आणि ती गोष्ट धोक्याची होती.

रस्त्यांनीही मागणी बदलली. २००२ मध्ये मुंबई–पुणे एक्स्प्रेसवे पूर्ण खुला झाला. तोवर शहरात आणि जुन्या घाटात चालणाऱ्या गाड्या तासन्‌तास वेगात पळू लागल्या, आणि अरुंद टायर, मऊ शॉकअप, पटकन तापणारे ब्रेक ही सगळी काटकसर उघडी पडली. पिकअपची चर्चा मागे पडून गाडी रस्ता कशी धरते याची चर्चा सुरू झाली ती याच काळात. चांगल्या रबराचे टायर, नेमकं व्हील अलाइनमेंट, झिजलेले बुश बदलणं, चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल: यांवर केलेला खर्च दिसत नाही, पण पहिल्याच वळणावर कळतो. उलट स्प्रिंग कापून गाडी खाली बसवण्याची फॅशन आली ती मला कधीच पटली नाही. शॉकअपला हलायला जागाच उरत नाही, आणि खड्ड्यावरून उडालेलं चाक रस्त्याला टेकायला वेळ लागतो. पकड वाढवायला निघालेला माणूस ती गमावून बसतो.

इंजिनाच्या बाबतीत मात्र नवं दार उघडलं ते प्रदूषणाच्या नियमांमुळे. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, २००० पासून भारत स्टेजचे नियम लागू झाले आणि कार्बोरेटर गेला. त्याच्या जागी इंधनाचं इंजेक्शन आणि ते चालवणारा छोटा संगणक, ईसीयू. जेट आणि पान्याचं काम संपलं. इंधन किती, ठिणगी केव्हा, हे आता आकड्यांच्या तक्त्यांत लिहिलेलं होतं. टर्बो नसलेल्या इंजिनात ते तक्ते बदलून फार काही मिळत नाही, कारण हवा तेवढीच आत येते. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, आणि हा दाबच वाढवता येतो. २००४ मध्ये स्कोडाने औरंगाबादच्या कारखान्यात जोडलेली ऑक्टेव्हिया आरएस आणली, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, १५० हॉर्सपॉवर, आणि रिमॅप, म्हणजे ईसीयूतले तक्ते बदलणं, हा शब्द हौशी मंडळींच्या तोंडी बसला.

पण तो घराघरांत नेला फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलने. २००७ मध्ये स्विफ्टमध्ये आलेलं, पुण्याजवळ रांजणगावलाही बनणारं हे इंजिन पुढे फियाट, टाटा आणि मारुतीच्या कितीतरी गाड्यांत बसलं. मूळ ताकद ७५ हॉर्सपॉवर. २००० आरपीएमखाली ते सुस्त असायचं आणि मग टर्बो एकदम जागा व्हायचा. कंपनी असं इंजिन ट्यून करताना भेसळीचं इंधन, मे महिन्यातली उष्णता, वेळेवर न बदललेलं ऑइल आणि वॉरंटी या सगळ्यांसाठी ताकद राखून ठेवते. रिमॅप करणारा त्याच राखीव साठ्याला हात घालतो. पाचवा हिस्सा ताकद वाढते हे खरं, आणि क्लच, टर्बो, गिअरबॉक्स यांचं आयुष्य त्यात खर्ची पडतं हेही खरं. इथे कंपनीने वाचवलेला पैसा परत मिळत नाही. सुरक्षिततेसाठी ठेवलेलं अंतर आपण वापरून टाकतो. टायर बदलणं आणि रिमॅप यांत मला हा मूलभूत फरक वाटतो, म्हणून दोन्ही स्वस्त असले तरी त्यांना एका पंक्तीत बसवू नये.

कायदाही याच काळात कडक झाला. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोर लावला: आरसी बुकातली नोंद आणि कंपनीने मुळात दिलेला तपशील यांत तफावत पडेल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आणली. मोठा आवाज करणाऱ्या सायलेन्सरवर तर शहरोशहरी पोलिसांची मोहीम चालते, आणि ती योग्यच आहे. रात्री अकराला झोपलेल्या वस्तीतून तसा आवाज काढत जाण्यात वेगाचा काही संबंध नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे भारत स्टेजचा सहावा टप्पा, लागू झालं. सेन्सर वाढले, डिझेलला पार्टिक्युलेट फिल्टर आला, आणि इंजिनाशी स्वस्तात खेळण्याची जागा आक्रसत गेली. टायरच्या बाबतीत मात्र कंपन्या आजही खालच्या व्हेरिएंटला अरुंद आणि वरच्याला रुंद माप देतात. नवी गाडी घेताना दोन्ही मापं ब्रोशरमध्ये पाहून ठेवावीत, आणि पहिले टायर झिजले की वरच्या व्हेरिएंटचं माप आपल्या रिमवर बसतं का, की रिमही बदलावी लागेल, हे टायरवाल्याला विचारून घ्यावं.