हीटर सोपा करणे (एअर-कूल्ड ९११)

जुन्या एअर-कूल्ड पोर्शे ९११ गाडीत कंपनीने वर्षागणिक वाढवत नेलेली हीटरची भानगड कमी करून ती परत साध्या अवस्थेत आणायचा उद्योग. कोणी नुसती गरम हवा आपोआप कमी-जास्त करणारी मोटर काढून हाताचा लिव्हर बसवतं, कोणी ब्लोअर (हवा ढकलणारा विजेचा पंखा) काढतं, कोणी अख्खा हीटरच उडवतं, आणि तिन्हीला लोक एकच नाव देतात म्हणून नेहमी वाद होतात.

गाडी १९६३ साली फ्रँकफर्टच्या शोमध्ये ९०१ या नंबराने दाखवली, प्यूजोने हरकत घेतल्यावर ती ९११ झाली, आणि १९९८ पर्यंत तिचं इंजिन हवेवरच थंड होत राहिलं. रेडिएटर नाही म्हणजे गरम पाणी नाही, म्हणजे नेहमीच्या गाडीसारखा हीटरही नाही. मग उष्णता घ्यायची कुठून, तर एक्झॉस्टमधून. इंजिनाचा पट्ट्यावर फिरणारा मोठा पंखा सिलिंडरवर हवा मारतो, त्यातलीच थोडी हवा दोन नळ्यांनी खाली हीट एक्सचेंजरमध्ये जाते. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात मधे निखाऱ्याची नळी आणि भोवती पाणी असतं, तसं इथे मधे एक्झॉस्टचा पाइप आणि भोवती पत्र्याच्या कवचातून हवा. गरम झालेली हवा पुढे फ्लॅपच्या, म्हणजे हवेची वाट बदलणाऱ्या झडपेच्या, डब्यात येते. दोन सीटच्या मधला लिव्हर ओढला की केबलने फ्लॅप फिरतो आणि हवा दाराखालच्या पोकळ पट्टीतून पायाशी आणि काचेवर जाते, लिव्हर बंद असला तर तीच हवा गाडीखाली बाहेर पडते. म्हणजे हीटर बंद असला तरी एक्सचेंजरमधून हवा वाहतच असते. हे नीट लक्षात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही.

याचा उगम जुना आहे. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये आधी इंजिन थंड करून आलेली हवाच आत सोडत, त्यामुळे तेलाचा वास फुकटात मिळायचा. १९६३ च्या मॉडेलपासून ताजी हवा वेगळी गरम करून द्यायला लागले. सुरुवातीच्या काही ९११ मध्ये पेट्रोलवर जळणारा वेगळा हीटरही मिळत असे, तो विषय इथे घेत नाही.

सोपं करायची रीत नेमकी कुठून आली यावर दोन मतं दिसतात. एक मत असं की रेसवाल्यांनी वजन कमी करायला हीटर काढायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी नक्कल केली. दुसरं मत अमेरिकेकडे बोट दाखवतं: साधारण १९७५ ते ७७ च्या काळात तिकडे गेलेल्या बऱ्याच गाड्यांना प्रदूषणाच्या नियमांसाठी थर्मल रिअॅक्टर (एक्झॉस्टमधला न जळलेला वायू तिथेच जाळणारे डबे) लावले होते, ते भयंकर तापायचे, २.७ लिटर इंजिनाच्या मॅग्नेशियमच्या क्रँककेसमधून (इंजिनाच्या मुख्य कवचातून) सिलिंडर हेड धरून ठेवणारे स्टड उपटून यायचे, आणि मग मालक लोक सरळ ७५ च्या आधीच्या धर्तीचे एक्सचेंजर लावायला लागले. याला बॅकडेटिंग म्हणतात. रेसची गोष्ट खोटी नाही पण तिथे हीटर जातो, सोपा होत नाही. म्हणून दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे.

१९७५ च्या सुमारास एक्सचेंजरची रचनाच बदलली. आधी दोन्ही बाजूंचा एक्झॉस्ट वेगवेगळा सायलेन्सरला जायचा, नंतर एक बाजू आडव्या पाइपने दुसरीला जोडली आणि सायलेन्सरला एकच तोंड राहिलं. म्हणून ९११ एससी (१९७८ पासून, ३.० लिटर, क्रँककेस परत अॅल्युमिनियमची) किंवा नंतरच्या ३.२ लिटरच्या ९११ कॅरेरावर जुन्या धर्तीचे एक्सचेंजर बसवायचे तर दोन तोंडांचा सायलेन्सर लागतो आणि उजवीकडची ऑइल लाइनही बदलावी लागते, मिस्त्री आधी हे सांगत नाही आणि मग गाडी जॅकवर तशीच उभी. स्टेनलेसचे एक्सचेंजर मिळतात, टिकतात, महाग असतात.

ब्लोअरचं कारण साधं आहे. पंखा इंजिनाच्या वेगावर फिरतो, सिग्नलवर उभं राहिलं की हवा मरते, म्हणून पुढे इंजिनाच्या खोलीत डावीकडे विजेचा ब्लोअर आला, सीटच्या मधे तापमानाची चकती आणि सेन्सर आला, ३.२ मध्ये पायाशीही छोटे ब्लोअर आले. चाळीस वर्षांनी यातलं निम्मं चालत नाही. ब्लोअर काढून श्राउडमधून (इंजिनाच्या पंख्याभोवतीच्या कवचातून) थेट नळ्या एक्सचेंजरला जोडल्या आणि मोटरच्या जागी लिव्हर लावला की काम भागतं.

खरा वाद पुढे आहे. एक्सचेंजर काढून साधे हेडर (भोवती कवच नसलेले एक्झॉस्ट पाइप) लावले आणि श्राउडची दोन्ही तोंडं बंद केली तर सगळी हवा सिलिंडरवर जाते, इंजिन थंड राहतं, असं अनेकजण ठासून सांगतात. तोंडं उघडी ठेवून हेडर लावणं चूकच, हवा वाया जाते, यावर दुमत नाही. पण बंद केल्याने मोठा फरक पडतो का, हे सांगताना हे इंजिन तेलावरही बरंच थंड होतं हे विसरलं जातं. ड्राय संप आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं, इंजिनावर ऑइल कूलर आहे, बऱ्याच गाड्यांत पुढे उजव्या मडगार्डमध्ये दुसराही असतो. नागपूरच्या नवतप्यात, पारा ४५ च्या वर असताना, पुढचा कूलर साफ ठेवणं आणि तेल तिकडे सोडणारा थर्मोस्टॅट उघडतो की नाही बघणं जास्त कामाचं वाटतं.

नागपुरात हीटर हवाच कशाला, असं कोणीही विचारेल, काहून बे म्हणूनच विचारेल. २०१८ च्या डिसेंबरात इथे ३.५ अंश नोंदले गेले, आणि थंडीत पहाटे पचमढी किंवा चिखलदऱ्याला निघणाऱ्याला फरक कळतो. पण खरी गरज जुलैत, काच धुरकट होते तेव्हा. हीटर पूर्ण काढला तर पुढचा ताज्या हवेचा पंखा राहतो पण हवा गार, काच हळू साफ होते. उलट उन्हाळ्यात केबल ढिली किंवा फ्लॅप गंजलेला असला तर लिव्हर बंद असूनही पायाशी भट्टी लागते. उपाय सोपा: फ्लॅपपासून आत जाणारा होज सोडून आतल्या पाइपला मार्चमध्ये टोपण लावायचं, पावसाच्या आधी काढायचं. गाडीखालची बाहेर पडायची वाट मात्र बुजवायची नाही, एक्सचेंजरमधली हवा थांबता कामा नये.

एक्सचेंजरच्या आतला पाइप चिरला तर कार्बन मोनॉक्साइड थेट आत येतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटीने चिकटतो. तेलाचा वास येणं वेगळं, तो बहुतेक व्हॉल्व्ह कव्हरची गळती एक्सचेंजरवर टपकल्याने येतो. युरोपात रस्त्यावर बर्फासाठी टाकलेल्या मिठाने पत्रा खाल्ला जातो, इथे तसं नाही, पण तिकडून आलेली गाडी गंज सोबत घेऊन येते, म्हणून लिव्हर पहिल्यांदा ओढायच्या आधी एक्सचेंजर खाली काढून बघितलेला बरा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. त्यामुळे ब्लोअर, मोटर, जुने पाइप फेकू नयेत, भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नयेत.

१९८९ च्या ९६४ या ९११ च्या पुढच्या पिढीपासून हीटरचं कंट्रोल इलेक्ट्रॉनिक झालं, तिथे ही पद्धत जशीच्या तशी बसत नाही. ९९३ चंही तेच. त्यानंतरच्या ९९६ मध्ये इंजिनच पाण्याचं, हीटरही पाण्याचा.