‘चावत नाही ना हो?’

गेल्या डिसेंबरात आमच्या घराजवळच्या मैदानावर हुरडा आणि खाद्यपदार्थांचा महोत्सव भरला होता. आम्ही चिकूला घेऊन गेलो. चिकू आमचा गावठी कुत्रा. चार वर्षांचा, अंगाने बारीक, रंग अगदी चिकूच्या सालीचा. कमानीपासून भज्यांच्या गाडीपर्यंत फार तर दीडशे पावलं असतील, पण तेवढं चालायला आम्हाला पंचवीस मिनिटं लागली. दोन पावलं टाकली की कुणीतरी थांबायचं. “अय्या, किती गोड!” “नाव काय याचं?” “जात कुठली?” आणि सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, “चावत नाही ना हो?” मी हसून सांगत होते, “नाही नाही, फार गरीब आहे तो.”

रात्री जेवणं झाल्यावर भाच्याने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ बघायला बसलो. त्यात पाचेक वर्षांची एक मुलगी चिकूच्या गळ्यात दोन्ही हात टाकून उभी आहे. पहिल्यांदा बघताना सगळ्यांनी ‘आहा’ केलं. मला मात्र काहीतरी खटकलं, म्हणून तोच तुकडा हळू गतीने पुन्हा लावला. मुलगी जवळ येताच चिकूची जीभ नाकाच्या शेंड्यावरून पटकन फिरली. मग त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मग भली मोठी जांभई दिली. कान मागे चिकटले. मुलीने त्याच्या डोक्यावर गाल टेकवला, तेव्हा त्याच्या डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसली. तो जागचा हलला नाही, तोंड घट्ट मिटून ताठ उभा राहिला. आणि शेजारी मी हसत म्हणतेय, “बघ, किती आवडलीस तू त्याला!”

तो व्हिडिओ मला अजूनही सलग बघवत नाही. अकरा सेकंदांत चिकूने पाच वेळा ‘नको’ म्हटलं होतं आणि पट्टा माझ्या हातात होता.

माणसं कुत्र्यापाशी थांबतात यात त्यांचा दोष नाही. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या डेबोरा वेल्स यांनी २००४ साली एक साधा पण फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. एक संशोधक स्त्री रस्त्याकडेला उभी राहायची. कधी एकटी, कधी टेडी बेअर घेऊन, कधी कुंडीतलं रोप घेऊन, तर कधी कुत्र्यासोबत. येणारेजाणारे १,८०० लोक काय करतात याची नोंद ठेवली गेली. ती एकटी असताना किंवा तिच्याजवळ टेडी वा रोप असताना बहुतेकांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. कुत्रा असला की लोक बघायचे, हसायचे, बोलायचे. त्यातही लॅब्रॅडोरपाशी, विशेषतः पिल्लापाशी, जास्त रेंगाळायचे. दांडगा, उग्र दिसणारा रॉटवायलर असला की पुष्कळ जण मान खाली घालून निघून जायचे.

फ्रान्समध्ये निकोला गेगां आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००८ साली आणखी पुढचं दाखवलं. एक माणूस रस्त्यावरच्या अनोळखी लोकांकडे बसच्या भाड्यासाठी पैसे मागायचा. सोबत कुत्रा असताना पैसे देणाऱ्यांचं प्रमाण जवळपास तिप्पट झालं. त्याआधी इंग्लंडमध्ये जून मॅकनिकोलस आणि ग्लिन कॉलिस यांनी एकाच माणसाला कधी नीटनेटक्या, कधी मळक्या कपड्यांत कुत्र्यासह पाठवलं होतं. लोक त्याच्याशी बोलतात की नाही हे कपड्यांपेक्षा कुत्र्यावर अवलंबून होतं. परक्या माणसाबद्दल मनात असलेला संकोच कुत्रा दूर करतो. आमच्या इमारतीत दहा वर्षं ज्यांच्याशी नुसतं मान हलवण्यापुरतं नातं होतं, ते शेजारी चिकू आल्यापासून जिन्यात थांबून गुडघेदुखीपासून मुलाच्या नोकरीपर्यंत सगळं बोलतात. ही फार मोलाची गोष्ट आहे, आणि म्हणूनच कुत्र्यांना घरात कोंडून ठेवा असं मी म्हणणार नाही.

या ओढीच्या मुळाशी चेहरा आहे. ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ साली मांडलं होतं की मोठं डोकं, रुंद कपाळ, टपोरे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की माणसाच्या मनात आपोआप माया दाटते. बाळाला जगवण्यासाठी निसर्गाने केलेली ही सोय पिल्लालाही लागू पडते. त्यात कुत्र्याकडे एक खास हत्यार आहे. ज्युलियान कामिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली कुत्रे आणि लांडगे यांच्या चेहऱ्याच्या स्नायूंची तुलना केली. भुवईचा आतला कोपरा वर उचलणारा स्नायू कुत्र्यांमध्ये नीट वाढलेला आढळला, लांडग्यांमध्ये त्याच्या जागी जेमतेम काही तंतू होते. तो स्नायू आखडला की डोळे मोठे आणि किंचित दुःखी दिसतात. याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात, निवारागृहातली जी कुत्री ही भुवई जास्त वेळा उचलत होती त्यांना लवकर घर मिळालं होतं. म्हणजे हजारो वर्षं आपण नकळत असेच चेहरे निवडत आलो असणार.

जपानमधल्या अझाबू विद्यापीठाचा २०१५ सालचा प्रयोग अनेकांच्या कानावर आला असेल. कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले, तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. हे संप्रेरक आई आणि बाळ यांच्या नात्यातही काम करतं. हा निष्कर्ष सांगताना एक बारकावा नेहमी गळून पडतो. तो प्रयोग आपल्या माणसाच्या नजरेबद्दलचा आहे. अनोळखी माणूस समोर येऊन, वाकून, थेट डोळ्यांत बघू लागला, तर कुत्र्यांच्या भाषेत ती आगळीक असते. गर्दीत नेमकं हेच घडतं. ज्याला आपण लाड समजतो, ते त्याला एकामागून एक अंगावर येणारे परके चेहरे वाटू शकतात.

इथे कोणी विचारेल की रस्त्यावरची कुत्री तर कुणाकडूनही अंग कुरवाळून घेतात, त्याचं काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्यावर आपल्याच देशात फार चांगलं काम झालंय. आयसर कोलकाता या विज्ञान संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करत आहेत. २०१७ साली त्यांनी दाखवलं की वारंवार भेटणाऱ्या अनोळखी माणसावर विश्वास बसायला खाऊपेक्षा कुरवाळण्याचा उपयोग जास्त होतो. पण त्यांचाच २०२० सालचा दुसरा अभ्यास याच्या शेजारी ठेवून वाचायला हवा. त्यात संशोधक दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवत होते. जी कुत्री जवळ आली त्यांतल्या बहुतेकांनी बोटाची दिशा बरोबर ओळखली. मात्र सुमारे निम्मी कुत्री जवळच आली नाहीत. ती लांबून बघत राहिली किंवा निघून गेली.

ते लांब राहणं मला फार महत्त्वाचं वाटतं. रस्त्यावरच्या कुत्र्याला नको असेल तर चार पावलं मागे सरता येतं. माझ्या चिकूच्या गळ्याला चार फुटांचा पट्टा होता आणि दुसरं टोक मी मनगटाला गुंडाळलं होतं.

निघून जाता येत नाही तेव्हा कुत्रा काय करतो? ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी ते एका शिडीच्या रूपात मांडलंय. सगळ्यात खालच्या पायऱ्यांवर जांभई, डोळ्यांची उघडझाप, नाक चाटणं. त्यानंतर तोंड वळवणं, अंग वळवणं, पुढचा पंजा उचलणं, दूर जायचा प्रयत्न. मग कान मागे टाकून दबत चालणं, अंग चोरून, शेपूट पायांत घालून उभं राहणं, आडवं पडून पाय वर करणं. आणखी वर गेलं की शरीर ताठरतं, नजर रोखली जाते. मग गुरगुर, मग हवेत दात वाजवणं आणि सगळ्यात वर चावा. चिकूने त्या अकरा सेकंदांत खालच्या पायऱ्या भराभर चढल्या होत्या, शेवटी तर तो ताठरला होता. त्यानंतरची पायरी गुरगुरण्याची.

“अचानक चावला हो, कधी नव्हे ते!” असं आपण ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळा खालच्या पायऱ्या कुणाला दिसलेल्याच नसतात. कधी तर त्या आपणच काढून टाकलेल्या असतात. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला दरडावलं, फटकावलं, तर त्याची भीती जात नाही, फक्त सूचना देणं बंद होतं. गुरगुरणारा कुत्रा आपल्यावर उपकार करत असतो, हे वाक्य मी आता प्रत्येक नव्या श्वानपालकाला ऐकवते.

हललेल्या शेपटीवरही भिस्त ठेवू नये. इटलीतल्या संशोधकांनी २००७ साली दाखवलं की मालक दिसल्यावर कुत्र्याची शेपटी उजवीकडे जास्त झुकत हलते आणि दांडगा अनोळखी कुत्रा दिसल्यावर डावीकडे. मेंदूचे दोन भाग वेगवेगळ्या भावनांना जास्त जबाबदार असतात, त्याचा हा परिणाम. जत्रेत उभं राहून डावं-उजवं मोजणं शक्य नाही. सैल अंगाने कंबरेपासून हलणारी शेपटी आणि ताठ अंगावर उभारून थरथरणारी शेपटी एवढा फरक ओळखता आला तरी खूप झालं.

लहान मुलांना तर हे अजिबात कळत नाही. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठात केर्स्टिन माइंट्स यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांना कुत्र्यांच्या हावभावांचे व्हिडिओ दाखवले, तेव्हा बऱ्याच मुलांना दात विचकलेला कुत्रा ‘हसतोय’ असं वाटलं. त्यात मुलाचा चेहरा नेमका कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतो. गळ्यात हात टाकणं हे माणसाचं प्रेम आहे. कुत्र्याला त्यात अडकल्यासारखं होतं. त्या मुलीने काहीच चूक केली नव्हती. तिला थांबवणं माझं काम होतं.

मैदान कुत्र्याच्या उंचीवरून कसं दिसत असेल, ते बघायला मी परवा खरोखर खाली बसले. दीड फुटावर नुसतं पायांचं रान. वरून कुणाचा हात येईल ते दिसत नाही. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंतचे. ध्वनिवर्धकाची शिट्टी, जनित्राची घरघर, पाठोपाठ ढोलताशा. कायद्याने निवासी भागात दिवसाची आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ढोलपथकाशेजारी उभं राहिलं की त्या आकड्याची आठवणही येत नाही. चाटचं पाणी, तळण, घाम, अत्तर, दुसऱ्या कुत्र्यांच्या खुणा, हे सगळे वास एकदम. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसता येते, पण ताण साठत जातो. म्हणून पहिल्या दहा जणांना हात लावू देणारा कुत्रा अकराव्यावर गुरगुरतो, आणि अकराव्याला वाटतं की माझंच काहीतरी चुकलं.

उन्हाळ्यातल्या कार्यक्रमांबद्दल मी जरा कडक आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या उपयोगी ग्रंथी असतात त्या मुख्यतः पंजांच्या गाद्यांत. शरीर थंड ठेवायचं ते धापा टाकून, जिभेवरच्या आणि तोंडातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने. हवा दमट असली की तेही नीट होत नाही. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींची श्वासाची वाटच अरुंद, त्यामुळे त्यांना उष्माघात फार लवकर होतो. डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. आपल्याला ठेववत नसेल, तर त्याचे पाय भाजणार. असे दिवस त्याला घरी फरशीवर पसरू द्यावेत.

पिल्लांची गोष्ट निराळी. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं, तेव्हा जग दाखवायलाच हवं. पण त्याच काळात लसीकरण पूर्ण झालेलं नसतं आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणून जत्रेच्या मातीत सोडण्याऐवजी कडेवर घेऊन लांबून गर्दी दाखवावी, पशुवैद्याला विचारून. मोठ्या कुत्र्याची रेबीजची लस चुकवू नये, हे वेगळं सांगायला नको. आणि कुत्रा कुणाचाही असो, दात किंवा नख लागून कातडी फुटली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही.

चिकूला आम्ही आताही नेतो. गर्दी वाढायच्या आत, मैदानाच्या कडेकडेने, आणि अर्ध्या तासात परत. त्याने तोंड वळवलं की मी त्याच्या आणि लोकांच्या मध्ये उभी राहते आणि सांगते, “आज नको, दमलाय.” एखाद्याला राग येतो, तो मी सोसते.

मागच्या रविवारी एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा आला. “काकू, चावत नाही ना हा?” मी म्हटलं, “त्यालाच विचार.” कसं विचारायचं तेही सांगितलं. मुलगा अंग तिरकं करून उकिडवा बसला, चिकूकडे न बघता हात खाली, जमिनीलगत धरून. चिकूने लांबूनच मान ताणली, बोटं हुंगली, पुढे आला. मुलाने छातीच्या बाजूला तीन सेकंद खाजवलं आणि सांगितल्याप्रमाणे हात काढून घेतला. चिकूने जीभ नाकावरून फिरवली आणि भज्यांच्या गाडीकडे तोंड केलं.

“नको म्हणतोय,” मुलगा म्हणाला, आणि हात खिशात घालून त्याच्या शेजारी नुसताच बसून राहिला.