मध्य प्रांत व वऱ्हाडातील स्त्री-मताधिकार

नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात स्त्रियांना मिळालेला मतदानाचा हक्क व त्यासाठीची चळवळ. १९१७ मध्ये सरोजिनी नायडू यांच्या नेतृत्वाखाली एका शिष्टमंडळाने भारतमंत्री माँटेग्यू यांच्यापुढे ही मागणी मांडली. परंतु १९१९ च्या सुधारणा कायद्याने निर्णय प्रांतिक कायदेमंडळांवर सोपविला. मद्रास व मुंबई प्रांतांनी १९२१ मध्येच स्त्रियांवरील बंदी उठविली. नागपूरला मात्र त्यासाठी १९२७ साल उजाडावे लागले. घर-शेत बहुधा पुरुषाच्याच नावावर असल्याने मालमत्तेच्या अटीला बांधलेला हा हक्क मूठभर स्त्रियांपुरताच उरला.

मतापाठोपाठ जागेचा प्रश्न आला. बेळगावात जन्मलेल्या व पुढे नागपूर ही कर्मभूमी मानलेल्या अनसूयाबाई काळे (१८९६–१९५८) १९२८ मध्ये कायदेमंडळात आल्या, त्या निवडून नव्हे, तर सरकारनियुक्त सदस्य म्हणून. १९३० च्या कायदेभंगात त्यांनी ती जागा सोडली आणि १९३७ मध्ये त्या प्रांतिक विधानसभेच्या उपसभापती झाल्या. अखिल भारतीय महिला परिषदेसह प्रमुख स्त्रीसंघटनांनी १९३१ मध्ये राखीव जागा नाकारून सरसकट प्रौढ मताधिकार मागितला होता. १९३५ च्या कायद्याने नेमके उलट केले. ११२ सदस्यांच्या या विधानसभेत स्त्रियांसाठी ३ जागा राखून ठेवल्या गेल्या आणि मताधिकार रुंदावला, तो बव्हंशी पतीच्या पात्रतेवरून; म्हणजे पुष्कळ स्त्रिया मतदार ठरल्या त्या कोणाच्या तरी पत्नी म्हणून.

राखीव जागांना सर्वच स्त्रियांचा विरोध होता, असे मानणे चुकीचे ठरेल. जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने प्रातिनिधिक संस्थांत अशा जागा मागितल्या आणि त्याच व्यासपीठावरून घटस्फोटाचा हक्क व गिरणीकामगार स्त्रियांच्या सवलतींचेही ठराव केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या परिषदेला उपस्थित होते. चळवळीच्या रूढ इतिहासात या परिषदेला तिच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही.

प्रौढ मताधिकार राज्यघटनेने दिला. तरी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपूर्वी ‘अमक्याची बायको’ एवढीच ओळख सांगणाऱ्या, स्वतःचे नाव न देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नोंद देशभरच्या मतदारयाद्यांतून वगळावी लागली. त्यांतील बहुतेक उत्तर व मध्य भारतातील होत्या. त्याच निवडणुकीत अनसूयाबाई नागपुरातून लोकसभेवर निवडून आल्या.