मिनेसोटा गोल्डन गोफर्स महिला आइस हॉकी टीम, २०१२–१३ चा सीझन

अमेरिकेतल्या मिनेसोटा युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या आइस हॉकी टीमने २०१२–१३ मध्ये ४१ मॅच खेळल्या आणि ४१ जिंकल्या, तो हा सीझन. शेवटची मॅच २४ मार्च २०१३ ला मिनियापोलिसमध्ये त्यांच्याच घरच्या रिंकवर झाली, बॉस्टन युनिव्हर्सिटीविरुद्ध ६–३. एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) महिला हॉकीत एकही मॅच न हरता आणि एकही बरोबरीत न सोडवता चॅम्पियन झालेली ही पहिली टीम, आणि २०२५ पर्यंत तरी एकमेव. कोच होते ब्रॅड फ्रॉस्ट. (गोफर म्हणजे जमिनीत बिळं करून राहणारा, साधारण खारीसारखा प्राणी, मिनेसोटाला ‘गोफर स्टेट’ म्हणतात म्हणून टीमचं हे नाव.)

रेकॉर्ड ४१–०–० असा लिहितात, जिंकलेल्या, हरलेल्या आणि बरोबरीत सुटलेल्या मॅच या क्रमाने, आणि यातल्या तिसऱ्या शून्याकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. त्या काळात रेग्युलर सीझनच्या मॅचमध्ये साठ मिनिटांत निकाल लागला नाही तर पाच मिनिटांचा ओव्हरटाइम असायचा, त्यातही गोल नाही झाला तर मॅच रेकॉर्डला बरोबरी म्हणूनच लागायची, लीगच्या एक्स्ट्रा पॉइंटसाठी नंतर शूटआउट झालं तरी. म्हणजे ‘अपराजित’ आणि ‘सगळ्या जिंकल्या’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हॉकीत त्या सारख्या मिसळल्या जातात. पुरुषांच्या कॉलेज हॉकीत याच्या जोडीला ठेवता येईल असं एकच उदाहरण आहे, कॉर्नेल युनिव्हर्सिटीची १९७० ची टीम, २९–०–०. महिलांमध्ये हार्वर्ड १९९८–९९ ला ३३–१ पर्यंत पोचलं होतं पण तेव्हा एनसीएएची महिलांची स्पर्धाच नव्हती.

४१ ची फोड अशी की डब्ल्यूसीएचए या आठ टीमच्या लीगच्या २८ मॅच, लीगबाहेरच्या ६, लीगच्या सीझनअखेरच्या टूर्नामेंटच्या ४ आणि एनसीएएच्या ३. आता हीच टीम सलग किती मॅच जिंकली म्हटलं की आकडे बदलतात, कुठे ४१ लिहिलेलं असतं, कुठे ४९, कुठे ६२, आणि वाचणाऱ्याला वाटतं कोणीतरी चुकलंय. चुकलेलं कोणी नाही. आधीच्या सीझनच्या शेवटच्या ८ मॅच धरल्या की ४९ होतात, त्याच्यापुढे २०१३–१४ च्या सुरुवातीच्या १३ मिळवल्या की ६२. सलग विजयांचा विक्रम म्हणून ६२ च धरणं योग्य, फक्त त्या ६२ मध्ये तीन वेगवेगळ्या टीम आहेत हे विसरू नये, कारण दरवर्षी चौथ्या वर्षाच्या मुली पास होऊन जातात आणि नव्या येतात. एकाच टीमचं कर्तृत्व म्हणायचं तर ४१.

तसंच विजेतेपदांचं. २०१३ चं मिनेसोटाचं कितवं, तर काही ठिकाणी चौथं म्हणतात काही ठिकाणी पाचवं. एनसीएएने महिलांची स्पर्धा २००१ ला सुरू केली, त्याआधी एडब्ल्यूसीएचए या संघटनेची वेगळी राष्ट्रीय स्पर्धा व्हायची आणि २००० ची मिनेसोटाने जिंकली होती. ती धरली तर पाचवं, नाहीतर २००४, २००५, २०१२ नंतरचं चौथं. युनिव्हर्सिटी स्वतः २००० धरते. खेळणाऱ्या टीम त्याच होत्या आणि देशाचा चॅम्पियन ठरवायची दुसरी सोयही नव्हती, तेव्हा धरायला हरकत दिसत नाही.

मुलींची कॉलेज हॉकी नेमकी कुठून सुरू झाली हा याहून जुना आणि जास्त गुंत्याचा प्रश्न. कॅनडात ओटावाला गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅनली यांची मुलगी इझोबेल १८९० च्या आसपास बर्फावर हॉकी खेळत होती, लांब पांढरा घोळदार ड्रेस घालून खेळतानाचा तिचा म्हणून एक फोटो प्रसिद्ध आहे. कॉलेजांपैकी किंग्स्टनच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीतल्या मुलींची टीम साधारण १८९० च्या दशकाच्या मध्यावरची मानतात आणि पहिली म्हणून बहुधा तिचंच नाव येतं. अमेरिकेत मात्र ‘पहिली’चा मान सहसा ब्राउन युनिव्हर्सिटीच्या पेम्ब्रोक कॉलेजच्या टीमला देतात, १९६४ ची, नाव पेम्ब्रोक पांडाज. मधली साठ-सत्तर वर्षं रिकामी होती असं नाही, पण मुली जमून खेळल्या, क्लब काढला, कॉलेजने अधिकृत टीम म्हणून मान्यता दिली आणि दुसऱ्या कॉलेजशी मॅच झाली या चार वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि ज्याने जी पायरी धरली त्याचं ‘पहिलं’ तिथे. कॉलेज हॉकीच्या इतिहासासाठी चौथी पायरी धरणंच बरं.

मिनेसोटा या हिशोबात फार उशिरा येतं. शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना बरोबरीची संधी द्यायला लावणारा टायटल नाइन कायदा १९७२ चा, पण युनिव्हर्सिटीच्या अधिकृत महिला हॉकी टीमचा पहिला सीझन १९९७–९८, कोच लॉरा हॉलडॉर्सन. त्याच सीझनमध्ये १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी पहिल्यांदा आली. खरं बीज मात्र शाळांमध्ये पडलं होतं. मुलींच्या हॉकीला हायस्कूल खेळ म्हणून मान्यता देणारं मिनेसोटा हे अमेरिकेतलं पहिलं राज्य, १९९४ ला, आणि पुढच्याच वर्षी राज्य टूर्नामेंट सुरू झाली. २०१२ च्या टीममधल्या मुली त्या सुमारास अगदी लहान होत्या, म्हणजे मुलींची हॉकी असते हे गृहीत धरूनच मोठी झालेली ही पहिली पिढी. हॅना ब्रँट आणि ली स्टेकलिन या तिथल्याच, दोघींचं कॉलेजचं ते पहिलंच वर्ष होतं.

दुसरी महत्त्वाची गोष्ट रिंकची. रिडर अरीना २००२ ला उघडलं, खास महिला हॉकीसाठी बांधलेलं अमेरिकेतलं पहिलं कॉलेज स्टेडियम, जागा साधारण ३,४००. त्याआधी टीम शेजारच्याच मारियुची अरीनात खेळायची. स्वतःचा बर्फ म्हणजे प्रॅक्टिसची स्वतःची वेळ, आणि हे बाहेरून दिसत नाही पण टीम घडवायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही.

सीझनच्या रेग्युलर मॅचबद्दल फार सांगण्यासारखं नाही कारण त्या एकामागून एक जिंकतच गेल्या. आक्रमणाच्या फळीत अमांडा केसल होती, विस्कॉन्सिनच्या मॅडिसनची, एनएचएल या पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या फिल केसलची बहीण. तिने ३७ मॅचमध्ये ४६ गोल आणि ५५ असिस्ट (दुसरीच्या गोलला दिलेले पास), म्हणजे १०१ पॉइंट केले. गोलकीपर फिनलंडची नूरा रॅटी, सीझनमध्ये ३८ विजय आणि एकही हार नाही, गोल खाण्याची सरासरी मॅचमागे ०.९६. उरलेल्या ३ मॅच तिच्या नावावर नाहीत, हे मुद्दाम सांगायचं कारण की ‘रॅटी ४१–०’ असंही कधीकधी लिहिलेलं सापडतं. डिफेन्सला मेगन बोझेक. कॉलेज महिला हॉकीतला सर्वात मोठा मान म्हणजे पॅटी काझमायर अवॉर्ड, प्रिन्स्टनच्या एका खेळाडूच्या नावाने दिला जाणारा, जी रक्ताच्या आजाराने १९९० मध्ये २८ व्या वर्षी गेली. २०१३ ला त्याच्या शेवटच्या तिघी केसल, रॅटी आणि बोझेक, तिघीही एकाच टीमच्या, असं आधी झालं नव्हतं. अवॉर्ड केसलला मिळाला.

खरी कसोटी एनसीएएच्या बाद फेरीत लागली. तेव्हा आठच टीम घेत आणि एक मॅच हरली की घरी. इथे पाच मिनिटांचं बंधन नसतं, गोल होईपर्यंत वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम चालतात. १६ मार्चला क्वार्टरफायनल, समोर नॉर्थ डकोटा. मॅच २–२ वर अडली ती तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत, म्हणजे एकीच्या जागी जवळजवळ दोन मॅच झाल्या तेव्हा कुठे मिनेसोटाने ३–२ केलं. नॉर्थ डकोटाकडे जोसेलिन आणि मोनिक लॅमरू या जुळ्या बहिणी होत्या, ज्या २००८–०९ ला मिनेसोटाकडूनच खेळून मग तिकडे गेलेल्या. सेमीफायनल बॉस्टन कॉलेजविरुद्ध, तीही ओव्हरटाइममध्ये ३–२. या दोन मॅचमध्ये एक गोल उलटा झाला असता तर ३८–१ किंवा ३९–१ वर सगळं संपलं असतं आणि चॅम्पियनशिपही गेली असती, आणि म्हणून ही टीम सगळ्यांना लीलया चिरडत गेली असं जे लिहिलं जातं ते अर्धंच खरं. फायनल त्या मानाने सोपी गेली, समोर कॅनडाची स्टार खेळाडू मारी-फिलिप पुलँ असूनसुद्धा.

पुढच्या वर्षी केसल २०१४ च्या सोची ऑलिंपिकसाठी कॉलेज सोडून राष्ट्रीय टीमबरोबर होती, रॅटी आणि बोझेक पास होऊन गेलेल्या. तरी विजय चालू राहिले, ते १७ नोव्हेंबर २०१३ ला रिडर अरीनातच थांबले, थांबवणारी टीम नॉर्थ डकोटा. मालिका सुरू व्हायच्या आधीची शेवटची हारही, फेब्रुवारी २०१२ मधली, त्यांच्याकडूनच. म्हणजे ६२ च्या दोन्ही टोकांना एकच टीम उभी आहे आणि मध्ये तिसऱ्या ओव्हरटाइमपर्यंत झुंजलेलीही तीच. २०१४ ची फायनल मिनेसोटा क्लार्कसन युनिव्हर्सिटीकडून ४–५ हरलं, २०१५ ला परत जिंकलं. २०१६ ला बॉस्टन कॉलेज ४०–० वर फायनलला आलं, आणखी एक मॅच की दुसरा पर्फेक्ट सीझन, पण समोर मिनेसोटा होतं, डोक्याच्या दुखापतीमुळे बराच काळ बाहेर राहून परतलेल्या केसलसकट, आणि निकाल ३–१ मिनेसोटा.

नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीने मार्च २०१७ मध्ये खर्चकपातीत महिला हॉकी टीम बंद केली. पुढच्या वर्षी प्योंगचांग ऑलिंपिकच्या फायनलमध्ये अमेरिकेने कॅनडाला शूटआउटमध्ये हरवलं, बरोबरीचा गोल मोनिक लॅमरूचा, शूटआउटमधला निर्णायक गोल जोसेलिनचा, आणि त्याच टीममध्ये केसल, ब्रँट आणि स्टेकलिनही होत्या.