घरकामाचा अर्थशास्त्रीय विचार बेकर यांच्या आधीचा

घरातल्या कामाचा अर्थशास्त्रीय विचार अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५च्या वेळेच्या वाटपावरील लेखातून सुरू केला, असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. बेकर यांचं काम मोठं आहेच. १९९२चं नोबेल त्यांना उगाच मिळालेलं नाही. पण त्या लेखाच्या ३१ वर्षं आधी, १९३४ साली, अर्थतज्ज्ञ मार्गारेट रीड यांनी घरगुती उत्पादनावर अख्खा ग्रंथ लिहिला होता.

रीड मूळच्या कॅनडातल्या मॅनिटोबाच्या. शिकागो विद्यापीठात अर्थतज्ज्ञ हेझल कर्क यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३१ साली डॉक्टरेट मिळवली आणि अमेरिकेतल्या आयोवा स्टेट कॉलेजात शिकवलं. त्यांची कसोटी साधी होती: जे काम पैसे देऊन बाहेरच्या माणसाकडून करून घेता येतं, ते उत्पादक. भाकऱ्या थापणं, धुणं, मुलं सांभाळणं हे उत्पादन. स्वतः जेवणं किंवा झोपणं नाही. आजही बिनपगारी कामाचं मोजमाप करताना याच कसोटीचा आधार घेतला जातो.

‘त्या फक्त गृहविज्ञानाच्या बाई’ हा समज तर अन्यायकारकच. पुढे त्या शिकागोतच अर्थशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. नामवंत अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी उपभोगाविषयीच्या १९५७च्या पुस्तकात त्यांचं ऋण मान्य केलं आहे. १९८० साली अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशन या अर्थतज्ज्ञांच्या संघटनेने त्यांना ‘डिस्टिंग्विश्ड फेलो’ केलं. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या महिला. अभ्यासक्रमात त्यांचं नाव बेकर यांच्या आधी यायला हवं.